हिडकलच्या पाण्यावरची बदकं काळी का येतात?

निपाणीहून एकांनी विचारलंय: ‘दोन हिवाळे बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणाच्या मागच्या पाण्यावर बदकांचे फोटो काढायला जातोय. कॅमेरा साधा, छोट्या (क्रॉप) सेन्सरचा, लेन्स 70-300 मिलिमीटरची. रविवारी साडेनऊपर्यंत पोचतो आणि रस्त्याकडेच्या भरावावरून फोटो काढतो. बदकं एक तर काळे ठिपके येतात, नाही तर पाठमोरी. जरा खाली उतरलो की उडून जातात. 600 ची लेन्स घेतली तर हे सुटेल का? पैशांची सोय केलीय.’

पैसे तूर्त बँकेतच असू देत. साडेनऊ, भराव आणि ‘खाली उतरलो की’, तुमच्याच प्रश्नातल्या या तीन गोष्टींनी फोटो बिघडवलेत. लेन्सचा नंबर त्यांच्या मागं लागतो. हे मी लेन्स विकत घेऊन मग शिकलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी उंचीचं बोलू. सगळ्यात मोठा फरक तिथं पडतो आणि त्याला पैसा लागत नाही. समजा बदक वीस मीटरवर आहे. पाण्यावर बसलेल्या बदकाचा डोळा पाण्यापासून साधारण 15 सेंटिमीटर वर असतो. तुम्ही उभे आहात, कॅमेरा दीड मीटरवर. तुमच्या नजरेची रेघ बदकाच्या डोळ्यावरून पुढं ओढली तर ती बदकाच्या मागं जेमतेम सव्वादोन मीटरवर पाण्याला टेकते. म्हणजे बदकाची पार्श्वभूमी काय, तर त्याला चिकटलेलं दोन हात पाणी. त्यातली प्रत्येक लाट, तरंगणारी काडी, शेवाळाचा गोळा, सगळं बदकाइतकंच ठळक. आता तिथंच पालथे पडा आणि कॅमेरा पाण्यापासून 20 सेंटिमीटरवर आणा. तीच रेघ आता 60 मीटर मागं जाऊन टेकते. तिथल्या लाटा विरघळून जातात, पलीकडचा काठ नुसता रंग होतो आणि त्यावर बदक एकटं उठून दिसतं. लोक फोटो बघून ‘काय लेन्स आहे!’ म्हणतात. लेन्स तीच असते, फोटो काढणारा चिखलात पडलेला असतो.

भरावावरून तर विचारूच नका. आठ-दहा मीटर उंचीवरून बदकाची पाठ दिसते, डोळा दिसत नाही. डोळा नाही तर फोटो नाही.

आता लेन्सचं गणित. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण 24 मिलिमीटर रुंद. 300 मिलिमीटरवर, चाळीस मीटर अंतरावर तुमच्या चौकटीत सव्वातीन मीटर रुंदीचं पाणी मावतं. हळदीकुंकू बदक चोचीपासून शेपटीपर्यंत साठेक सेंटिमीटर. म्हणजे चौकटीचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. तेच बदक वीस मीटरवर आलं तर एक तृतीयांशाहून जास्त जागा व्यापतं, आणि 24 मेगापिक्सलच्या कॅमेऱ्यात दोन हजारांवर पिक्सल नुसते बदकाला मिळतात. घरात फ्रेम करून लावायला ते पुष्कळ झालं. अंतर निम्मं करणं आणि 600 ची लेन्स घेणं, दोन्हींनी बदक सारखंच मोठं येतं. फरक इतकाच की 600 घेऊन चाळीस मीटरवरून काढताना मधली हवाही दुप्पट येते. हिडकलला हिवाळ्यातसुद्धा ऊन चढलं, की साडेनऊच्या आसपास पाण्यावरची हवा थरथरायला लागते. डोळ्याला कळत नाही, पण फोटोत पिसं वितळल्यासारखी येतात. पहिल्या वर्षी मला वाटलं लेन्सच खराब आहे. दुकानात परत नेऊन भांडून आलो. लेन्स उत्तम होती, चूक माझ्या घड्याळाची होती.

तेव्हा वेळ. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या थोडा नंतर उगवतो. सव्वासात ते पावणेनऊ हा तुमचा धंद्याचा वेळ. पण पोचायचं सव्वासहाच्या आधी, अंधारात. कारण पुष्कळ बदकं रात्रीची चरतात. अडई तर संध्याकाळ झाली की शीळ घालत भातखाचरांकडं, तळ्यांकडं निघते आणि पहाटे परत येते. ती परत यायच्या आधी तुम्ही जागेवर पडलेले असाल, तर त्यांच्या लेखी तुम्ही काठावरचा एक दगड. ती बसल्यावर तुम्ही आलात तर माणूस. साडेनऊला भरावावर गाडी थांबते, दार आपटतं, आभाळाच्या पुढं तुमची उभी आकृती दिसते. मग ती तुम्हाला जवळ का येऊ देतील?

कुठल्या काठावर बसायचं, हे बहुतेक जण रस्ता जिथं पोचतो त्यावरून ठरवतात. खरं तर ते सूर्य आणि वारा या दोघांवरून ठरवायचं. सूर्याचं सगळ्यांना कळतं: तो पाठीमागं हवा, म्हणजे सकाळी तुम्ही पाण्याच्या पूर्वेकडच्या काठावर. वाऱ्याचं फार कमी लोक बघतात. बदक वाऱ्याकडं तोंड करून बसतं. पाठीकडून वारा आला तर पिसं फिस्कटतात, थंडी आत शिरते. उतरताना आणि उडतानाही ते वाऱ्याच्या दिशेला तोंड करतं, विमानासारखं. आणि आपल्या भागात हिवाळ्याच्या दिवसांत वारा बहुतेक पूर्वेचाच. आता जुळवा की. पूर्वेच्या काठावर सकाळी पडलात तर सूर्य तुमच्या पाठीशी, वाराही पाठीशी, आणि पाण्यावरचं प्रत्येक बदक तुमच्याकडं तोंड करून, उजेडात. नवा थवा उतरला तर तोही तुमच्याच दिशेनं, पाय पुढं काढून. संध्याकाळी हेच गणित उलटतं. सूर्यासाठी पश्चिमेच्या काठावर जावं लागतं आणि वारा पूर्वेचाच असतो, म्हणून पाठमोरी बदकं मिळतात. तुम्ही सकाळीही पश्चिमेच्या काठावरूनच काढत असणार, तुमच्या पाठमोऱ्या फोटोंचं कारण बहुधा हेच. मी संध्याकाळी बदकांना जातच नाही, त्या वेळी बगळे काढतो.

निघायच्या आधी मोबाईलवर उपग्रहाचा नकाशा उघडा आणि असा एखादा पाण्याचा फाटा शोधा जिथं पूर्वेच्या काठाला उतार मंद आहे, पाणी उथळ आहे आणि पलीकडं काय आहे तेही बघा. पलीकडचा काठ महत्त्वाचा, कारण खालून काढलेल्या फोटोत पाण्याला स्वतःचा रंग नसतो. पलीकडं ऊस असेल तर पाणी हिरवं, वाळलेलं गवत किंवा पिकायला आलेला शाळू असेल तर सोनेरी, उघडी लाल माती असेल तर तांबूस. साडेसातचं तिरपं ऊन त्या शाळवावर पडलं, वारा अजून सुटलेला नसला आणि त्या सोन्यात एखादा तलवार बदकाचा नर आला, तर पुढचे दोन महिने दुसरं काही सुचत नाही. पोलरायझर फिल्टर मात्र काढून ठेवा. तो नेमकं हे प्रतिबिंबच मारतो आणि वर दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा).

आता काळ्या ठिपक्यांचं. भरावावरून तुम्ही सूर्याच्या दिशेनं बघत असणार. पाणी चांदीसारखं चमकतं. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला चांदी कळत नाही, त्याला सगळं जग मध्यम करडं हवं असतं. तो चमकतं पाणी दाबून करडं करतो आणि त्या ओढाताणीत बदक काळं पडतं. तिथंच अडकलात तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) एक ते दीड स्टॉप अधिक करा, निदान बदक ओळखू येईल. पण पूर्वेच्या काठावर गेलात की प्रश्न उलटा होतो. तिथं पाणी गडद असतं, मीटर ते उजळवायला जातो आणि थापट्याच्या, म्हणजे फावड्यासारख्या चोचीच्या बदकाच्या, नराची पांढरी छाती भाजून निघते, एक पीस दिसत नाही. तिथं पाऊण ते एक स्टॉप उणे. दर दहा मिनिटांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर भाजलेला पांढरा भाग लुकलुकतोय का ते बघत राहा, कारण ऊन चढतं तसं हे बदलत जातं.

थापट्याच्या डोक्याचा हिरवा रंगही उजेडाचा खेळ आहे. तो रंग पिसांत भरलेला नसतो, पिसांच्या बारीक रचनेवरून उजेड परततो तेव्हा तो दिसतो. मान जरा वळली की हिरव्याचा जांभळा होतो, अजून वळली की काळा. म्हणून सूर्य पाठीशी हवा आणि म्हणून एकाच बदकाचे चार-पाच फोटो घ्यायचे. एक गोष्ट अजून. नोव्हेंबरात गेलात आणि सगळ्या माद्याच दिसल्या म्हणून हिरमुसू नका. बरेच नर त्या दिवसांत मळकट पिसाऱ्यात असतात, माद्यांसारखेच दिसतात. थापट्या आणि भुवई बदकाचे नर तर रंगात यायला जानेवारी उजाडवतात, कधी फेब्रुवारीही. माझ्या मतानं आपल्याकडचा खरा हंगाम जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीअखेर. तोवर कालव्यांना पाणी सुटून हिडकलचा फुगवटाही ओसरलेला असतो, काठ उघडे पडतात आणि ऑक्टोबरात सगळीकडं पांगलेली बदकं उथळ पाण्यात गोळा होतात.

जवळ कसं जायचं, यावर माझं मत ठाम आहे: जायचं नाही. त्यांना येऊ द्यायचं. हे मला एका मासेमाऱ्यानं शिकवलं, आणि बोलणी खाऊन शिकलो. बारा-तेरा वर्षांपूर्वी हिडकलच्याच एका फाट्यावर तलवार बदकांचा मोठा थवा बसला होता, तीसेक मीटरवर. फोटो छान येत होते. पण मला हाव सुटली, अजून पाच मीटर, अजून पाच मीटर. कोपरांवर सरकत गेलो. पहिल्यांदा दोन-तीन माना सरळ उभ्या झाल्या. मी थांबलो, त्या खाली गेल्या. परत सरकलो. मग सगळ्याच माना एकदम उभ्या, चोची एका दिशेला, आणि थवा सावकाश आत पोहायला लागला. तेव्हा तरी थांबायचं की नाही? मी सरकलोच. एका झपाट्यात सगळी उडाली. त्यांच्याबरोबर पलीकडचे थापटे उडाले, त्यांच्याबरोबर अजून कोण कोण. पाच मिनिटांत अख्खा फाटा रिकामा. हरिगोलातून, म्हणजे टोपलीसारख्या गोल होडीतून, जाळं ओढणारा एक म्हातारा हे सगळं बघत होता. जवळ येऊन म्हणाला, ‘घालवलासा की सगळी! आता आज येत न्हाईत ती.’ नाही आली. मी दहापर्यंत ओलं होऊन बसलो होतो.

त्या उभ्या माना हीच भाषा. दोन-तीन माना वर म्हणजे ‘बघितलंय हं तुला’. सगळ्या माना वर म्हणजे तुम्ही आधीच जास्त पुढं आलाय. हालचाल बंद करा, नजर खाली करा, पंधरा मिनिटं थांबा. त्यातलं एखादं डोकं पाण्यात घालून चरायला लागलं की समजा सुटलात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या जिवाला आपल्या एका फोटोसाठी उठवायचं नाही, हे तर आहेच. पण नुसता स्वार्थ बघितला तरी बसलेलं बदक उडवण्यात तोटाच, कारण उडताना ते तुमच्यापासून लांब जातं. पाठमोरा फोटो, परत एकदा.

त्या म्हाताऱ्याशी पुढं ओळख झाली. या भागात एक बरं आहे, दोन शब्द कानडी बोललात की माणूस मोकळा होतो. मासेमाऱ्यांना ‘बातुकोळी एल्ली अदाव्री?’ (बदकं कुठं आहेत?) एवढं विचारा. कालची बदकं कुठं होती, आज पाणी किती उतरलं, कुठला काठ धसतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. त्यांच्या गोल हरिगोलाला बदकंही सरावलेली असतात, कितीदा तो जवळून गेला तरी मान वर करत नाहीत. पण त्यात बसून फोटो काढायच्या भानगडीत पडू नका. ते गरगरतं आणि तिथून उंचीही परत वाढते.

सामानाचं थोडक्यात. ट्रायपॉड घरी ठेवा, तो तुम्हाला उंच करतो. जुन्या जीन्सचा एक पाय कापून दोन्हीकडून शिवा आणि आत दोन-अडीच किलो जोंधळा भरा. लेन्स त्यावर बसते, हवी तशी वळते, हात थरथरत नाहीत. चिखल असला तर ती पिशवी जर्मनच्या परातीत ठेवायची आणि परात पुढं सरकवायची. परदेशात यासाठी खास वस्तू मिळते म्हणे. माझी परात घरातनं हळूच उचललेली आहे, पंधरा वर्षं झाली, अजून विचारणा चालू आहे. अंगावर घोंगडं घ्या. रंग मळकट, आकृती मोडते, आणि जानेवारीच्या पहाटे पाण्याकाठी त्याच्यासारखं दुसरं काही नाही. छापील जंगली कपड्यांची गरज नाही. चेहरा आणि हात झाकले गेले पाहिजेत, लांबून चमकतात ते तेच. एक सूचना: पिशवी भिजली तर घरी आल्यावर रिकामी करून जोंधळा वाळवा. मी एकदा तशीच गाडीच्या डिकीत टाकली आणि आठवड्यानं बघतो तर मोड आलेले.

सेटिंगवर लोक फार डोकं खातात, मी दोन मिनिटांत आटोपतो. मॅन्युअल मोड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटो, वरची मर्यादा 3200. पोहणाऱ्या बदकाला 1/500 सेकंदाचं शटर पुरतं, मी 1/1000 ठेवतो. पंख फडफडणार असतील तर 1/2000. अॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) 5.6 किंवा 6.3. वीस मीटरवर 300 ला 5.6 ठेवलं तर जेमतेम मीटरभर खोलीच स्पष्ट येते, म्हणून जोडी काढताना दोघं एका रेघेत यायची वाट बघा, नाही तर एकाचा डोळा गेलाच. फोकस सतत चालणारा, एकच बिंदू, तो डोळ्यावर. बिंदू चौकटीच्या मधोमध न ठेवता जरा वर आणि मागच्या बाजूला घ्या, म्हणजे बदकाच्या पुढं पाणी मोकळं राहील आणि खाली त्याचं प्रतिबिंब पुरतं मावेल. प्रतिबिंबाची मान कापलेला फोटो मला भोसकल्यासारखा लागतो. ज्यांच्याकडं नवा मिररलेस आहे त्यांनी आवाज न करणारं शटर बसलेल्या बदकांना जरूर वापरावं, पण फडफडणाऱ्या पंखांना नको. बऱ्याच कॅमेऱ्यांत त्यानं पंख वाकडे येतात.

हे झालं यंत्राचं. खरी मजा पुढं आहे, ती म्हणजे बदक आता काय करणार हे आधी कळणं.

पंख फडफडवतानाचा फोटो सगळ्यांना हवा असतो, आणि सगळे तो ‘नशिबानं’ मिळाला म्हणतात. नशीब कसलं, बदक पाच मिनिटं आधी सांगत असतं. आंघोळ चालू झाली की सावध व्हा. नर थापट्या डोकं पाण्यात खुपसतो आणि झटक्यात वर काढून पाणी पाठीवर घेतो. एकदा, दोनदा, सात-आठ वेळा. मग पंख अर्धे उघडून पाण्यावर आपटतो, चहूकडं शिंतोडे. मग शेपटी डावी-उजवीकडं झटकतो. चोचीनं छातीची पिसं विंचरतो, पाठीची विंचरतो. आणि मग एक क्षण अगदी गप्प. नवशिक्या इथं कॅमेरा खाली करतो, संपलं म्हणून. हाच तो क्षण. मान जराशी आखडते, छाती पाण्यातून वर उचलली जाते आणि तो उभा राहून तीन-चार वेळा पंख मारतो. सगळा खेळ एक-दीड सेकंदाचा. तेव्हा छाती उचलायच्या आधीच बटण दाबलेलं असावं लागतं. आणि झूम आधीच 300 वरून 200-220 ला मागं घेतलेला असावा, कारण पंख वर आणि बाजूला बदकाच्या दुप्पट जागा मागतात. माझ्याकडं पंखांची टोकं कापलेल्या फोटोंचा एक मोठा साठा आहे, कुणाला हवा असल्यास सांगा.

थापट्यांचं चरणंही बघण्यासारखं. पाच-सहा जण गोल करून एकामागोमाग फिरतात, चोची पाण्यात, पुढच्यानं ढवळलेलं मागचा गाळून खातो. डोकं वर येतच नाही. वैतागून जाऊ नका. मधेच एखादा मान वर करतो, फावड्यासारख्या चोचीच्या कडांतून पाण्याची धार गळत असते. एकच बदक निवडा आणि त्याच्यावरच फोकस धरून राहा. सगळ्यांमागं कॅमेरा फिरवलात तर एकही मिळणार नाही.

वारकरी खरं तर बदक नव्हे, पाणकोंबड्यांच्या घरातला, पण पाण्यावर शिकायला त्याच्यासारखा गुरू नाही. कपाळावर पांढरा टिळा, अंग काळं. काळं-पांढरं एकत्र असल्यामुळं एक्स्पोजरची परीक्षाच. तो सरळ उडू शकत नाही, पाण्यावर पळत पळत वेग घेतो आणि मागं पावलांची रांग सोडतो. भांडणं तर दिवसभर. उन्हाळ्याकडं पाणी पार उतरलं की हिडकलच्या पोटातलं हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठलाचं देऊळ वर येतं. तिथं भोवती वारकरी पोहताना बघितल्यावर या पक्ष्याचं मराठी नाव ठेवणाऱ्याला मी मनातल्या मनात हात जोडतो.

झोपलेलं बदकही सोडू नका. चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली, पण डोळा बघा. बदक अर्धा मेंदू जागा ठेवून एक डोळा उघडा ठेवू शकतं, आणि थव्याच्या कडेला बसलेलं बदक बाहेरच्या बाजूचा डोळा जास्त वेळ उघडा ठेवतं. म्हणजे तुमच्याकडचा. थव्याच्या कडेचं बदक निवडा. आणि कधी फोटोत डोळा धुरकट निळसर दिसला तर कॅमेऱ्याचा दोष समजू नका, डोळ्यावरून आडवी सरकणारी ती तिसरी पापणी असते. तीन-चार फोटो सलग घेतले की एखाद्यात ती उघडी सापडते.

जागांचं म्हणाल तर सरावासाठी बेळगावातला किल्ला तलाव वाईट नाही. टिबुकल्या, पाणकावळे माणसांना सरावलेले असतात, पाण्यावर फोकस धरायची सवय तिथं होते. हळदीकुंकू बदक बारमाही आहे. चोचीचं टोक पिवळं, मुळाशी दोन लाल ठिपके, म्हणून ते नाव. खेड्यातल्या कुठल्याही तळ्यावर त्याची जोडी शोधा आणि हिवाळ्याच्या आधी हात बसवून घ्या. कमळाचं, पाणवनस्पतींचं तळं असेल तर काणूक मिळेल, आपल्याकडचं सगळ्यात चिमुकलं बदक. घटप्रभेवर धूपदाळचा ब्रिटिश काळातला बंधारा आहे, त्याच्या मागचं पाणी म्हणजे घटप्रभा पक्षी अभयारण्य. कांड्या करकोच्यांसाठी लोक तिथं जातात, बदकंही असतात, पण ते अभयारण्य आहे, वनखात्याला विचारून जायचं आणि ड्रोनचं नाव काढायचं नाही. राकसकोपचं पाणी शहराच्या पिण्याचं आहे, तिथं काठावर लोळायला कुणी देणार नाही आणि देऊही नये. पट्टकादंब हंस पोटभर बघायचे असतील तर एकदा गदग जिल्ह्यातल्या मागडी केरेला (तळ्याला) जा, 2024 साली ते जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. हंस दिवसा पाण्यावर आणि पहाटे-संध्याकाळी आसपासच्या शेतांत चरायला असतात, त्यामुळं तिथं उडतानाचे फोटो सोपे.

दोन धोके, आणि हे गमतीनं घेऊ नका. ओसरलेल्या धरणाचा काठ वरून वाळून भेगाळलेला दिसतो, खाली गुडघाभर गाळ असतो. मी मांडीपर्यंत रुतलोय, एक बूट अजून तिथंच आहे. काठीनं चाचपल्याशिवाय पाऊल टाकू नका आणि एकटे जाऊ नका. दुसरं म्हणजे, हे पालथं पडण्याचं शास्त्र चिकोडी, रायबाग, अथणीकडं कृष्णेच्या काठी चालवू नका. तिथं मगरी आहेत. पाण्यालगत आडवा पडलेला माणूस मगरीला काय वाटेल, हे बघायला आपण जायचं नाही. तिथं काठापासून लांब, उंचावर बसा आणि पाठमोरी बदकं गोड मानून घ्या.

राहिला पैशांचा प्रश्न. हा हिवाळा 70-300 वरच काढा, पूर्वेच्या काठावरून, पालथे पडून, किमान सहा पहाटा. सहाव्या पहाटेनंतर तुमचे फोटो लावून बघा. बदक वीस-पंचवीस मीटरवर आलंय, उजेड बरोबर आहे, डोळा स्पष्ट आहे आणि तरीही चक्रवाक फाट्याच्या मधोमध साठ मीटरवरच बसतोय, काही केल्या काठाला येत नाही, असं झालं तर मग 150-600 जुनी बघा. नवी नको, या लेन्स हौशी लोक घेतात आणि जड झाली म्हणून वर्षात विकतात. घेताना दुकानात भिंतीचा फोटो काढून पारखू नका, बाहेर उन्हात नेऊन शंभर मीटरवरच्या पाटीवर 600 ला पूर्ण उघड्या अॅपर्चरवर काढून बघा, आणि तेही सकाळी लवकर. नाही तर माझ्यासारखे हवेशी भांडत बसाल.